राखून ठेवलेला गुडघा

आमच्या डॉक्टरांनी स्वतःच्या मुलीचं लग्न दोनदा मोडलं. मुद्दाम नव्हे हो, माणूस सोन्यासारखा. पण समोर कुणी बसलं की त्यांना माणूस दिसतच नाही, त्याचं लिव्हर दिसतं.

मी शामकांत. शाळेचं म्हणाल तर चौथीत मास्तरांनी माझा नाद सोडला आणि मी मास्तरांचा. इथे सिंगापूरला सेम्बावांगच्या शिपयार्डात वेल्डर म्हणून आलो, जहाजांची पोटं शिवता शिवता केस पांढरे झाले, आता मुलाकडे यिशुनला असतो. आमची मंडळी, आशालता, मला सारखी म्हणते, "बोलताना दम घ्या जरा." मी घेत नाही. वेल्डिंगमध्ये मधेच थांबलं की सांधा कच्चा राहतो.

तर डॉक्टर. हेमचंद्र त्यांचं नाव, पण आमच्या खारवळमध्ये ते नाव फक्त त्यांच्या बायकोला माहीत होतं, आणि ती ते घेत नव्हती. खारवळ म्हणजे खाडीच्या पलीकडचं गाव. होडी आली तर जग आहे, नाही आली तर नाही. अशा ठिकाणी हा मुंबईचा शिकलेला माणूस वर्षभरासाठी म्हणून आला. होडीतून उतरताना चिखलात पाय रुतला, तो जन्मभर निघालाच नाही.

दवाखाना घरातच. पडवीत बाकडं, ओटीवर टेबल, आणि कुणाला सलाईन लावायची झाली तर माजघरात. संजीवनी वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा गाणं शिकलेल्या होत्या म्हणे. इथे येऊन त्या कंपाउंडर झाल्या. एका शेगडीवर वरण, दुसऱ्या शेगडीवर सुया उकळतायत. बाळंतपणाला अडलेल्या बायकांचे हात धरून धरून त्यांचं गाणं कुठे गेलं ते कळलंच नाही, पण आवाज तेवढा राहिला. "जोर लाव!" म्हणाल्या की पलीकडच्या तीरावर ऐकू यायचं.

पैसे कोण देणार? कुणी फणस आणायचा, कुणी कुळीथ, कुणी खाडीतल्या तिसऱ्यांचे शिंपले. एका म्हातारीनं कोंबडी आणून सोडली ती डॉक्टरांच्या बॅगेत अंडी घालायला लागली. रात्रपाळी करून आलेल्या माणसासारखी दुपारी त्या बॅगेत जाऊन बसायची. डॉक्टर घाईत बॅग उचलून निघाले की आतून आधी शिव्या ऐकू यायच्या.

आणि सण? मी स्वतः पाहिलंय. दिवाळीची पहिली आंघोळ. डॉक्टर पाटावर बसलेले, अंगाला उटणं फासलेलं, वहिनींनी तांब्या उचललाय, आणि दारात डोली. रामू खोताला धाप लागलेली. डॉक्टर तसेच उठले. अंगभर उटणं, कमरेला पंचा, हातात इंजेक्शन. रामूनं डोळे उघडले, हे रूप पाहिलं, आणि म्हणाला, "मी गेलो काय?"

शिवांगी ह्याच घरात वाढली. पेशंटच्या बाकड्यावर बसून अभ्यास. त्या पोरीला अ-आ-इ यायच्या आधी कावीळ ओळखता येत होती. पण डॉक्टर मात्र झाली नाही. कॉम्प्युटर शिकली, पुण्याला गेली, तिथून इथे चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या कामाला. तिला फ्लॅट मीच बघून दिला, माझ्याच ब्लॉकमध्ये, माझ्या वरच्या मजल्यावर. गावची पोर. दुसरीकडे कशाला?

आता ती मोडलेली लग्नं ऐका.

पहिला मुलगा पुण्याचा, खारवळला बघायला आला. होडीतून आला, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, तरी बिचारा हसतोय. पोहे आले. डॉक्टर पोह्याकडे बघेनात, मुलाच्या गळ्याकडे बघतायत. म्हणाले, "जरा थुंकी गिळा." त्याला वाटलं ही इथली रीत असेल. गिळली. "परत." परत गिळली. तिसऱ्यांदा डॉक्टर उठून त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी त्याचा गळा धरला. मुलाच्या आईनं किंकाळी फोडली. थायरॉईड होता, पुढे निघाला, मुलाकडच्यांनीच फोन करून सांगितलं. पण मुलगी नको म्हणून आधीच कळवलं होतं.

दुसरं स्थळ व्हिडिओ कॉलवर. तिकडून मुलगा, आई, आणि घरातले कर्ते काका. काका बोलतायत मानपानाचं, आणि डॉक्टर मधेच, "तुमची नखं जरा कॅमेऱ्याजवळ धरा बघू." काकांनी धरली. "अजून जवळ. हं. खोकला किती दिवस आहे?" काकांनी फोन बंद केला. त्यांना वाटलं, मुलीचा बाप आपल्या मरणाची वाट बघतोय.

त्यानंतर शिवांगी म्हणाली, माझं लग्न हा विषय बंद.

पुढे गावात सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीण आली, चांगली निघाली, तेव्हा ह्यांनी दवाखाना बंद केला आणि दोघं मुलीकडे आली. इथे आल्या दिवशीच शिवांगीनं बजावलं, "बाबा, इथे तुम्ही डॉक्टर नाही. इथला परवाना लागतो. गोळी नाही, पुडी नाही, काही नाही." डॉक्टर कायद्याला मानणारे. म्हणाले, बरं. पण डोळ्यांना काय परवाना लागतो? एमआरटीत, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, मी त्यांच्या शेजारी बसायचो. लोक फोनकडे बघतायत आणि आमचे डॉक्टर लोकांकडे. हळूच म्हणायचे, "शामकांत, तो निळा शर्ट. रक्त कमी." मी म्हणायचो, "असू दे. आपलं नाही ते." ते सुस्कारा सोडायचे. ताटावर बसवून हात बांधलेला माणूस बघितलाय कधी? तसे.

आणि मग अमेय आला.

अमेय शिवांगीच्याच ऑफिसच्या इमारतीत, दुसऱ्या कंपनीत. सेम्बावांगला आईवडलांबरोबर राहतो. वडील दीनानाथ जहाजावर चीफ इंजिनियर, चार महिने पाण्यात, दोन महिने घरात. मुलगा इथेच शिकलेला. मराठी समजतं सगळं, बोलताना गाडी इंग्रजीवर जाते. पोरगा साधा, आईच्या अर्ध्या वचनात. दोघांचं एकमेकांवर मन बसलेलं, ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. राहिलं होतं ते फक्त दोन्ही घरांनी समोरासमोर बसणं.

रविवारची दुपार ठरली. आदल्या दिवशी शिवांगीनं आम्हा सगळ्यांना बसवलं.

"बाबा, उद्या कुणाचे डोळे, नखं, जीभ, गळा. काही बघायचं नाही."

"दिसलं तर?"

"दिसलं तरी बोलायचं नाही. तुम्ही माणसांकडे असं बघता ना, बाबा, मला लाज वाटते." पटकन बोलून गेली ती. मग खाली बघून म्हणाली, "तिसऱ्यांदा मोडलं तर मी परत कुणाला घरी बोलावणार नाही. खरंच नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "शब्द देतो. आजाराचा एक शब्द माझ्या तोंडून निघणार नाही."

"आणि शामकाका, तुम्ही बाबांच्या शेजारी बसा. तोंड उघडतायत असं वाटलं की लाथ मारा."

मी म्हटलं, "पोरी, आयुष्यात मला इतकं सोपं काम कुणी दिलं नव्हतं."

रविवारी मंडळी आली. दारात चपला काढताना सविताताई, म्हणजे अमेयची आई, भिंतीला धरून उभ्या राहिल्या. हातात एक मोठी चपटी प्लास्टिकची पिशवी. ती त्यांनी चपलांच्या रॅकला टेकवून ठेवली. मी मनात म्हटलं, साडी असणार. मुलीला पसंत केलं की देतील. शुभ लक्षण.

सविताताई सोफ्यावर बसल्या. बसताना म्हणाल्या, "आई गं!"

डॉक्टरांचं तोंड उघडलं. मी लाथ मारली.

"बाहेर ऊन फार आहे, नाही?" डॉक्टर म्हणाले.

"सिंगापूरला रोजच असतं," दीनानाथ म्हणाले.

"ते आहेच."

वहिनींनी चहा आणला, शिवांगीनं अळूवड्या. सविताताईंनी एक वडी बोटांनी लांब सारली. "मला नको गं, तेलकट बंद केलंय. औषधं चालू आहेत ना." आणि एवढं बोलून त्या डॉक्टरांकडे बघत थांबल्या. चांगल्या थांबल्या. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. मी नुसता पायावर पाय ठेवला आणि दाबून धरला.

"चहा गोड झालाय का?" वहिनींनी विचारलं.

"चहा छान आहे." सविताताईंनी कप ठेवला. "तुमच्या लिफ्टपर्यंत येईस्तोवर गुडघ्यानं जीव घेतला हो माझा."

आता माझी पाळी होती. म्हटलं, "लिफ्ट ना! अहो ताई, पूर्वी ह्या ब्लॉकची लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबतच नव्हती. वरच्याला उतरा आणि एक मजला खाली चालत या. मी एकदा गॅसचा सिलिंडर..." आणि लावली गोष्ट. सिलिंडर, एक मलाय म्हातारा, त्याची सायकल. गोष्ट संपली तेव्हा हसणारा मी एकटाच होतो.

दीनानाथ खाकरले. "माझंही गेल्या वेळी जहाजावरून उतरलो तेव्हा बीपी जरा..."

"जहाज कुठलं म्हणालात?" मी.

"तेलाचं. तिसऱ्यांदा विचारताय तुम्ही."

"तेलाचं! अरे वा. आमच्या यार्डात एकदा तेलाचं जहाज आलं होतं..."

आशालता समोर बसली होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर गोष्ट तिथेच सोडली असती.

हे असं चाललं. सविताताई गुडघा पुढे करतायत, मी त्याच्यावर सतरंजी टाकतोय. डॉक्टरांच्या कपाळावर घाम. पंख्याखाली बसलेला माणूस, घामानं निथळतोय. मुलगी आणि अमेय स्वयंपाकघराच्या दारात उभी, एकमेकांना डोळ्यांनी सांगतायत, जमतंय, जमतंय.

शेवटी सविताताईंनी सरळच विषय काढला. "डॉक्टर, माझ्या नणंदेचे दीर तुमच्या तिकडचे. ते म्हणाले, खारवळच्या डॉक्टरांचा हात लागला की निम्मं दुखणं तिथेच जातं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. ते अगदी हळू म्हणाले, "ते पूर्वीचं. आता मी काही करत नाही."

खोलीत गार झालं. एसी नव्हता, तरी झालं. सविताताई भिंतीला हात देत उठल्या. "चला. जातो आम्ही."

येतो नाही म्हणाल्या. जातो म्हणाल्या. आपल्यात कुणी असं म्हणत नाही, मयताच्या घरूनसुद्धा नुसतं उठून जातात. शिवांगीनं हातातली बशी खाली ठेवली.

"बसा ना थोडं," वहिनी पुढे झाल्या. "काही चुकलं का आमचं?"

सविताताई दारापर्यंत गेल्या, चपलेत एक पाय घातला, आणि तिथे त्यांचा बांध फुटला.

"वहिनी, राग मानू नका, पण बोलते. बसमध्ये अनोळखी बाई विचारते, काय हो पाय दुखतो का? भाजीवाला विचारतो! आणि इथे डॉक्टरांच्या घरात बसले, गुडघ्याचं नाव काढलं, औषधांचं काढलं, ह्यांनी बीपीचं काढलं, एक शब्द नाही! ऊन फार आहे म्हणे! आपलं मानायचं असतं त्या माणसाला असं वागवतात?"

"आई, प्लीज, डोन्ट लाइक दॅट लाह," अमेय त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत विनवायला लागला, असं नको करू म्हणून.

"तू गप्प बस! महिनाभर हा गुडघा मी कुणाला दाखवला नाही. हे म्हणाले पॉलिक्लिनिकला जा. म्हटलं, का जाऊ? घरात डॉक्टर येतोय. पहिला त्यांनाच दाखवायचा. राखून ठेवला मी हा गुडघा!" आणि त्यांनी ती चपटी पिशवी उचलून उघडली. साडी कसली! आत जुना एक्स-रे. "हा घेऊन आले. माहेरी निघाल्यासारखी घेऊन आले."

मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केलाय, पण इतका मन लावून कधी केला नव्हता.

शिवांगीनं आधी त्या एक्स-रेकडे बघितलं, मग अमेयकडे. अमेय म्हणाला, "आय थॉट यू नो. एव्हरी डे शी टॉक ओन्ली अबाउट धिस नी."

शिवांगी वळली. "बाबा. त्यांचा गुडघा बघा ना."

डॉक्टर जागचे हलले नाहीत. "नाही."

"बाबा!"

"शब्द दिलाय मी."

"मीच सोडवते त्या शब्दातून."

"तसं नसतं," डॉक्टर म्हणाले. माणूस मऊ, पण अडला की होडीच्या नांगरासारखा. "तुला लाज वाटते. बरोबर आहे तुझं. दोन स्थळं घालवली मी. इथे आल्यापासून मी एकाही माणसाला विचारलं नाही तुला काय होतंय. आता सवय झालीय. राहू दे."

सवय झाली म्हणाले आणि डोळे मात्र त्या एक्स-रेवरून हलेनात. वहिनी काही बोलणार होत्या, तेवढ्यात शिवांगी डॉक्टरांसमोर जमिनीवरच बसली. पैठणी नव्हती, पण साडी चांगली होती, तिचा विचार न करता बसली.

"मला लाज कशाची वाटायची सांगू? मी दुसरीत होते. मला ताप होता. आईला सांगितलं तर आई म्हणाली, बाबांना सांग. पण तुम्हाला वेळ कुठे? मी पडवीत पेशंटांच्या रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला. तुम्ही मान वर न करता विचारलंत, नाव काय?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं.

"मी म्हटलं, शिवांगी. तुम्ही लिहिलंत. मग विचारलंत, वय?"

दीनानाथ फसकन हसले आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

"पुढे?" डॉक्टर म्हणाले.

"पुढे जीभ बघितलीत, डोळे बघितलेत. गोवर होता. पुडीवर माझं नाव लिहून दिलंत, आणि म्हणालात, बरोबर कोण आलंय?"

वहिनी म्हणाल्या, "अगं बाई! हे मला कधी सांगितलं नाहीस."

"मग आत येऊन झोपले. खूप बरं वाटलं होतं, बाबा. तुम्ही माझा हात धरला होता ना, नाडी बघायला. तेवढंच." ती नाक पुसत हसली. "लोकांकडे बघता त्याची लाज नाही वाटत. लोकांचाच राग यायचा मला. सगळी तुमच्यापर्यंत पोचायची, मी सोडून."

मला वाटलं, डॉक्टर आता रडतात. ते म्हणाले, "पुडी किती वेळा घ्यायला सांगितली होती?"

"तीनदा."

"बरोबर आहे." आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. बोटं नाडीवर गेली. "धडधडतंय फार. सकाळपासून काही खाल्लं नाहीस. जीभ दाखव."

आणि ती मोठ्या बँकेतली इंजिनियर पोर, सासरच्या मंडळींसमोर, जीभ काढून बसली.

चपलेत एक पाय घालून उभ्या असलेल्या सविताताईंना हे किती वेळ सहन होणार? "अहो डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मुलगी तुमचीच आहे, सावकाश बघा. माझा गुडघा उभा आहे इकडे!"

मग काय सांगू महाराजा! डॉक्टर उठले ते पंचवीस वर्षांनी लहान होऊन उठले. म्हणाले, "औषध देणार नाही. इथला परवाना नाही मला. फक्त बघणार. त्या कॉरिडॉरमधून चालत जा आणि परत या."

आमच्या मजल्यांवर घरांपुढून लांबच लांब कॉरिडॉर असतो, लोक त्यात कुंड्या ठेवतात. सविताताई कुंड्यांमधून चालत गेल्या, परत आल्या. डॉक्टर खाली उकिडवे बसून बघतायत. "परत." परत गेल्या. शेजारची चिनी आजी झाडांना पाणी घालत होती, तिनं झारी खाली ठेवली आणि बघायला लागली.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, ठेवला, आणि सविताताईंच्या पायाकडे बोट केलं. "डाव्या घोट्याला बाहेरून घट्टा पडलाय. काळा. उजव्याला नाही. चप्पल काढताना बघितला मी."

"बरं मग?"

"पाय दुमडून बसता. डावाच. त्याच्यावर सगळं वजन देऊन. रोज, एकाच जागी. खाली फरशी आहे, सतरंजी नाही. समोर बहुतेक टीव्ही."

दीनानाथ पुढे आले. "आठ वाजल्यापासून!" ते गरजले. "सगळ्या मालिका! फरशी गार लागते म्हणून बरी वाटते म्हणते!"

"गुडघा म्हातारा झालाय थोडा, आपण सगळेच झालोय," डॉक्टर म्हणाले. "पण ऑपरेशनबिपरेशन डोक्यातून काढा. खुर्चीवर बसा. वजन उतरवा. आणि उद्याच्या उद्या पॉलिक्लिनिकला जा. गुडघा राखून ठेवायची वस्तू नाही, ताई. महिना फुकट घालवलात. हा शुद्ध अडाणीपणा आहे."

मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं. होणाऱ्या विहीणबाईंना जाडी म्हणाले, अडाणी म्हणाले, आणि मालिका चव्हाट्यावर आणल्या. पहिल्या दोन स्थळांना ह्याच्या निम्मंसुद्धा बोलले नव्हते. शिवांगीनं अमेयचा शर्ट धरला.

सविताताई म्हणाल्या, "ऐकलंत?"

"काय?" दीनानाथ.

"कसे ओरडले मला! तिथे क्लिनिकमध्ये कॉम्प्युटरकडे बघत थँक्यू म्हणतात, झालं. आपल्यावर ओरडायला आपलाच माणूस लागतो." त्यांनी चपलेतला पाय काढला. "आणि तुम्ही का उभे? बीपीचं सांगा त्यांना. दोन महिन्यांत परत जहाजावर चढायचंय, तिथे कोण विचारणार आहे?"

दीनानाथ बाह्या वर करायला लागले. तेवढ्यात ती चिनी आजी आली. डॉक्टरांच्या समोर उभी राहून तिनं एक हात वर करायचा प्रयत्न केला, तो खांद्याच्या वर जाईना. "डॉक्टर आह? शोल्डर पेन, लाह. वेरी लाँग आलरेडी."

"नो मेडिसिन," डॉक्टर म्हणाले. "ओन्ली लुक." पण चेहरा असा की दिवाळीतला कंदील. तिचा हात हळूहळू वर नेत ते मला म्हणाले, "शामकांत, हिला विचार झारी कुठल्या हातानं धरते."

मी विचारलं. उजव्या. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, पण खांदा दोघांनाही कळत होता.

आत वहिनींनी अळूवड्या परत गरम केल्या. सविताताई खुर्चीवर बसल्या. मुद्दाम खुर्चीवर, सोफ्यावर नाही. तेलकट बंद केलेल्या बाईनं चार वड्या खाल्ल्या. मग हाक मारली, "डॉक्टर, इकडे या बघू एकदा. मुलगी आम्हाला पसंत आहे. दिवाळीनंतरची तारीख बघू म्हणतो आम्ही. तुमचं काय म्हणणं?"

डॉक्टर कॉरिडॉरमधून उत्तरले, "हात खाली सोडू नका!"

"अहो, लग्नाचं विचारतेय मी!"

वहिनींनी जाऊन त्यांना दंडाला धरून आत आणलं. चिनी आजीही पाठोपाठ आली, एक हात वरच. डॉक्टर अमेयसमोर उभे राहिले. खरं सांगतो, ह्या मुलाकडे त्यांनी तोवर बघितलंच नव्हतं. शब्द दिला होता ना, म्हणून ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडेच बघितलं नव्हतं. आता वरपासून खालपर्यंत बघितलं. गळा बघितला. नखं बघितली.

"ह्याला काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नथिंग, अंकल," अमेय म्हणाला. "आय ॲम फाइन."

"काहीच नाही?"

"नो, अंकल."

डॉक्टरांचा चेहरा पडला. लहान मुलाच्या हातातून बत्तासा काढून घ्यावा तसा पडला. त्यांनी शिवांगीकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं. म्हणजे नकार देणार होते असं नाही, पण ह्या मुलाशी आता पुढे बोलायचं काय, हा त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

शिवांगीनं अमेयला कोपरानं ढोसलं.

पोरगा हुशार. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा डॉक्टरांकडे, आणि आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा न अडखळता मराठी बोलला. "कधीकधी पाठ दुखते."

"कुठे?" डॉक्टर एक पाऊल पुढे आले.

"इथे. नाही, थोडी खाली."

"वाकल्यावर की बसल्यावर?"

"दोन्ही."

"छान!" डॉक्टर म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला कॉरिडॉरकडे घेऊन निघाले. "ये, चालून दाखव. दिवाळीनंतरची कुठलीही तारीख चालेल हो, ताई. ये, बाळा, ये."

त्याची पाठ खरंच दुखत होती की नाही, देव जाणे. मी काही त्याला विचारलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका.